सिकलसेल, मोबाईल आणि आपला विहार

आज आपल्या वस्तीत एकही व्हॉट्सॲप ग्रुप नसलेले घर सापडणे कठीण आहे. विहार समितीचा ग्रुप, जयंती मंडळाचा ग्रुप, महिला मंडळाचा, बचत गटाचा, वधू-वर परिचयाचा, शिवाय नातेवाइकांचे दोन-तीन. सकाळी 'जय भीम, नमो बुद्धाय' येते. दुपारी नोकरभरतीची जाहिरात येते. रात्री कुठून तरी एक संदेश येतो की अमुक पावडर एकवीस दिवस घ्या, सिकलसेल मुळापासून बरा होतो. खाली एक मोबाईल नंबर असतो आणि 'जास्तीत जास्त शेअर करा' अशी विनंती असते.

ज्या समाजाचे म्हणणे छापायला दुसऱ्यांची वर्तमानपत्रे तयार नव्हती, त्या समाजासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. त्यातून काय छापायचे, कोणाला पाठवायचे आणि काय मुळीच पाठवायचे नाही, हे मात्र आपण अजून नीट ठरवलेले नाही. आरोग्याच्या बाबतीत याची किंमत फार मोठी असते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एकच आजार घेतला आहे, सिकलसेल. या आजाराच्या संदर्भात मोबाईलचा उपयोग कुठे होतो आणि घात कुठे होतो, ते पाहू.

आधी आजार समजून घेऊ

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. तो आई-वडिलांकडून येतो. स्पर्शाने, ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने तो होत नाही. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणून सांधे आणि हाडे असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी होते, वारंवार ताप येतो.

आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तर मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आला तर 'एएस' म्हणजे वाहक होते. वाहक व्यक्ती आजारी नसते. ती शेतात राबते, पोलीस भरतीत धावते, बाळंतपण करते. तिला स्वतःला सहसा काही कळतही नाही.

आपल्या भागात हा आजार आहे, हे १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात त्याचे प्रमाण जास्त आढळते. सातपुड्याकडे नंदुरबार, धुळे भागातही तो आहे. यावरून कोणी 'हा तुमच्या लोकांचा आजार' म्हणाले तर त्याला शांतपणे दोन गोष्टी सांगा. पहिली, जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाचा जोर होता, तिथे वाहकाला मलेरियाच्या गंभीर आजारापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून तिथे हा गुण टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठीही तो आहे. दुसरी, तो काही जातींत एकवटून राहिला, कारण जातीतच लग्ने होत राहिली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून बोट ठेवले होते ते याच बंदिस्त विवाहपद्धतीवर. रक्तात जात नसते, पण जातीने घातलेल्या कुंपणाची खूण रक्तात राहू शकते.

'रामबाण' संदेशाची परीक्षा

आता त्या पावडरीकडे वळू. सिकलसेल पूर्ण बरा करण्याचा रूढ उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याला जुळणारा दाता लागतो, मोठे रुग्णालय लागते, खर्च होतो आणि धोकाही असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी जनुकीय उपचाराला मंजुरी दिली. ती बातमी खरी आहे. पण अमेरिकेत त्या उपचाराची किंमत वीस लाख डॉलरच्या वर ठेवली गेली, म्हणजे आपल्या पैशात कित्येक कोटी रुपये. 'सिकलसेलवर औषध सापडले' एवढेच वाक्य कापून ते आपल्या ग्रुपवर फिरते आणि त्याच्या शेपटीला कोणीतरी आपल्या पावडरीचा नंबर जोडतो. अर्धे खरे असलेले असे संदेश साफ खोट्यापेक्षा जास्त फसवतात.

अशा पावडरीमुळे पैसे जातात ते जातातच, पण खरे नुकसान त्याहून मोठे असते. घरचे लोक रुग्णाची चालू गोळी बंद करतात. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले, ठरल्या वेळी रक्ततपासणी केली, तर दुखण्याचे झटके कमी होतात, रुग्णालयात भरती व्हायची वेळ कमी येते. ते गरोदरपणात चालत नाही, म्हणून मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. फॉलिक ॲसिडची गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, लहान मुलांना वेळेवर लस आणि डॉक्टर सांगतील तसे पेनिसिलिन, ही साधी साखळी आहे. पावडरीच्या भरवशावर ती तुटली की मूल अत्यवस्थ होऊनच दवाखान्यात येते.

व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे ढकललेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण येते. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येतो. २०२० पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. खोट्याचा वेग कमी व्हावा म्हणून ही बंधने घातली आहेत. पण दुहेरी बाण म्हणजे 'खोटे' असे नव्हे आणि 'सगळे सांगतात म्हणून खरे' असेही नव्हे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले, ऐकिवात आले, मोठ्या माणसाने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. हीच कसोटी मोबाईलला लावायची. हे कोणी सांगितले आहे? कधीचे आहे? त्यात पैसे किंवा नंबर मागितला आहे का? चालू औषध बंद करायला सांगितले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर संदेश तिथेच थांबवा आणि आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील सिस्टरांना दाखवा.

'रक्त हवे' हा संदेश कसा लिहावा

रक्तासाठी मोबाईलने जीव वाचवले आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तोच संदेश दीड वर्षाने पुन्हा फिरताना, त्या घरच्या माणसाला रोज फोन येतानाही पाहिले आहे. रुग्ण गेलेला असतो आणि फोन येत राहतात. त्या घराला काय वाटत असेल, याचा विचार करा.

म्हणून रक्ताच्या संदेशात एवढे असलेच पाहिजे : रक्तगट, किती पिशव्या, रुग्णालय, तारीख आणि कितीपर्यंत हवे ती वेळ, संपर्काचा एक नंबर. रुग्णाचा फोटो, आजाराचे नाव, जात, 'गरीब घरचे' असले शब्द नकोत. रक्त मिळाले की ज्याने संदेश टाकला त्यानेच 'मिळाले, धन्यवाद, आता पुढे पाठवू नये' असे लिहावे आणि मूळ संदेश खोडून टाकावा.

संदेश टाकण्याआधी 'ई-रक्तकोष' पाहावे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर जिल्हा निवडला की कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचे रक्त आहे ते दिसते. आकडा जुना असू शकतो, म्हणून रक्तपेढीला फोन करून खात्री करावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. शासकीय रक्तपेढीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत मिळते आणि त्यांच्याकडे बदली रक्तदाता मागायचा नसतो. 'आधी माणूस आणा, मग पिशवी देऊ' असे कोणी म्हणाले, तर रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि रुग्णाचे सिकलसेल कार्ड दाखवा. मात्र प्रत्येक दुखण्याला रक्त लागत नाही. कधी द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

आपल्याकडे १४ एप्रिलला रक्तदान शिबिरे होतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एकाच दिवशी रक्ताचा पूर येतो आणि मे महिन्यात, कॉलेजे बंद असताना, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. साठवलेल्या तांबड्या पेशी साधारण सहा आठवड्यांपर्यंतच टिकतात. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा मंडळांनी मोबाईलवर रक्तदात्यांची यादी ठेवून त्यांची वर्षभरात वाटणी करावी : काही जण जयंतीला, काही मेअखेरीस, काही पावसाळ्यात, काही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. शिबिराच्या बॅनरवर जितका खर्च होतो त्याच्या शंभराव्या हिश्शातही हे काम होते.

वधू-वर ग्रुपवर सिकलसेलचा रकाना

सगळ्यांत नाजूक विषय हा आहे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता दुसरे चांगलेच होईल' असे होत नाही. प्रत्येक खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. उलट, वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाले तर मुले फार तर वाहक होतात, 'एसएस' रुग्ण होत नाहीत. म्हणजे वाहकाने लग्नच करू नये असे विज्ञान सांगत नाही. दोघांची तपासणी आधी व्हावी, एवढेच ते सांगते.

तपासणी सोपी आहे. बोटातल्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आरोग्य केंद्रात होते. ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी करावी लागते. त्यातच वाहक की रुग्ण ते ठरते आणि थॅलेसेमियाचा वाहक असेल तर तेही कळू शकते. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या लग्नातूनही आजारी मूल होऊ शकते, म्हणून नुसत्या पहिल्या चाचणीवर विसंबू नये.

आता काही वधू-वर ग्रुपवर परिचयपत्रात उंची, शिक्षण, नोकरी यांच्याखाली 'सिकलसेल : आहे / नाही' असा रकाना आला आहे. हेतू चांगला आहे. पण परिणाम काय होतो ते पाहा. ग्रुपवर पाचशे माणसे असतात. मुलीच्या नावापुढे 'वाहक' लिहिले की ते पाचशे मोबाईलमध्ये कायमचे राहते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न कळणारे लोक 'त्या घरात आजार आहे' म्हणतात. मग तिच्या धाकट्या बहिणीचेही स्थळ मोडते. मुलाच्या बाबतीत तीच गोष्ट दबून जाते, मुलीच्या बाबतीत गाजते. हे टाळण्यासाठी पुढची घरे तपासणीच करत नाहीत किंवा खोटे 'नाही' लिहितात. म्हणजे ज्यासाठी रकाना केला तोच हेतू बुडतो.

आमचे म्हणणे असे आहे. परिचयपत्रात फक्त 'सिकलसेल तपासणी झाली आहे' एवढेच लिहावे आणि ज्यांची झाली नाही त्यांना ती करूनच नोंदणी करायला सांगावे. निकाल ग्रुपवर नको. पसंती पुढे सरकली की सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडच्या मुलामुलींनी समोरासमोर बसून मूळ अहवाल एकमेकांना दाखवावा. दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा, समितीचा नव्हे. त्यांनी लग्न करायचे ठरवले तर गरोदर राहताच लगेच डॉक्टरांकडे जावे. पहिल्या तीन महिन्यांतच गर्भाची तपासणी करून बाळाला आजार आहे का ते सांगता येते. या आजाराच्या निदानासाठी अशी तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करायला कायद्याने परवानगी आहे. मुलगा-मुलगी पाहण्याला ती नाही.

शिबिराची यादी ग्रुपवर टाकू नका

एका गावात तपासणी शिबिर झाले. दुसऱ्या दिवशी निकालाच्या यादीचा फोटो, नावे, वये, वस्तीसह, गावच्या ग्रुपवर आला. टाकणाऱ्याचा हेतू निकाल लवकर पोहोचावा एवढाच होता. पण त्या यादीतल्या नववीतल्या एका मुलीला शाळेत नवे नाव पडले. ती काही दिवस शाळेत गेली नाही. फोटो नंतर खोडला, पण तोवर तो शेजारच्या तीन गावांत पोहोचला होता.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा आमच्या परिचारिकेच्या पेशातला पहिला धडा आहे. तो आता प्रत्येक कार्यकर्त्याने शिकायला हवा, कारण शिबिरात नोंदणी तोच करतो आणि कॅमेरा त्याच्याच हातात असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माणसाच्या माहितीला त्याची संमती हा पाया मानला आहे. साधा नियम करा : निकाल ज्याचा त्याला, लहान मुलाचा त्याच्या आईवडिलांना, बंद पाकिटात किंवा प्रत्यक्ष बोलून. शिबिराचे फोटो घ्यायचे तर पाहुण्यांचे घ्या, रक्त देणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांचे नकोत. आकडा जाहीर करा, नाव नको.

सरकारी ऑनलाईन सोयी : घ्या, पण जाणून घ्या

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. महाराष्ट्रासह १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार निर्मूलन करायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांची नोंद ऑनलाईन होते. म्हणून तपासणीच्या वेळी नाव, वय, मोबाईल नंबर बरोबर लिहिला आहे ना, ते स्वतः पाहा. नंबर चुकला तर निकालही हरवतो.

'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे. तो ऐच्छिक आहे. मोठ्या रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग वाचवायला आणि अहवाल एकत्र ठेवायला तो उपयोगी पडतो. पण तुमचे अहवाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे की नाही, याची संमती तुमची असते. आलेला ओटीपी वाचून न पाहता कोणाला सांगू नका.

'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या मदतीने डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. नेहमीच्या गोळ्या, अहवाल समजून घेणे, पुढची तारीख यासाठी ती चांगली. पण पुढील लक्षणांत मोबाईलवर वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा : १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे, लहान मुलाचे पोट डावीकडे फुगून मूल पांढरेफटक होणे, नेहमीच्या गोळीने न थांबणारे दुखणे, पुरुषाच्या लिंगाला तासन्‌तास राहणारा वेदनामय ताठरपणा. शेवटची गोष्ट मुले लाजेने सांगत नाहीत. ती आईवडिलांनी विचारून ठेवावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे. त्यासाठीच्या ओळखपत्राचा अर्ज 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करता येतो. एसटीच्या प्रवासातही सिकलसेल रुग्णाला सवलत आहे. हे वाहकाला नव्हे, रुग्णाला आहे. सायबर कॅफेत अर्ज भरला तर कागदांच्या प्रती तिथल्या संगणकातून खोडून घ्या.

ज्यांच्या हातात मोबाईल नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या स्त्रिया ५३.९ टक्केच. घरात एकच फोन असतो आणि तो मालकांबरोबर कामावर जातो. ओटीपी येतो तेव्हा बाई आरोग्य केंद्रात उभी असते आणि फोन वीटभट्टीवर असतो.

'सगळे ऑनलाईन' केले की काय होते, ते आपण २०२१ मध्ये पाहिले. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविनवर नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती. संकेतस्थळ सुरुवातीला इंग्रजीत होते. शहरातल्या जलद बोटांनी खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि गावचा मजूर दारातून परत गेला. सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी या डिजिटल दरीवरून सरकारला प्रश्न विचारले. पुढे केंद्रावर जाऊन नोंदणी सुरू झाली. धडा साधा आहे : ऑनलाईन वाट असावी, पण ती एकमेव वाट नसावी. कोणत्याही आरोग्य केंद्रात 'मोबाईल नाही, मग तपासणी नाही' असे म्हटले गेले तर तेवढ्यावर परत फिरू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

विहारात काय करता येईल

रविवारी वंदनेला वस्ती एकत्र येते. तिथे एक टेबल, एक चार्जर आणि एक समजूतदार मुलगी किंवा मुलगा बसवा. वंदनेनंतर एक तास. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आलेला संदेश वाचून दाखवायचा, कार्डाचा अर्ज भरून द्यायचा, रक्तपेढीचा नंबर काढून द्यायचा, ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून द्यायचे. ओटीपी त्याच माणसाच्या समोर टाकायचा आणि कोणाचाही अहवाल स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा नाही. मुलींना या टेबलावर आवर्जून बसवा, म्हणजे बायका मोकळेपणी येतील.

आरोग्य केंद्राला पत्र देऊन वर्षातून दोनदा विहारातच तपासणी ठेवा. सुरुवात अविवाहित तरुण-तरुणींपासून आणि नवविवाहित जोडप्यांपासून करा. ग्रुपच्या ॲडमिनने वर्णनात तीन ओळी लिहाव्यात : औषधाची जाहिरात नाही, रुग्णाचे नाव-फोटो नाही, रक्ताच्या संदेशाला तारीख असलीच पाहिजे. जो मोडेल त्याला आधी फोन करून समजवा, ग्रुपवर अपमान करू नका.

आणि ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, त्या घरी संदेश पाठवण्यापेक्षा एकदा जाऊन या. थंडीच्या दिवसांत त्या मुलाच्या अंगावर स्वेटर आहे का, गोळ्या संपल्या नाहीत ना, शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवू देतात का, हे विचारा. हे कोणत्याही ॲपवर दिसत नाही.

जय भीम.